हरबऱ्यावरची धोतरं

“ती गोफण पहिले खाली ठेवा आजी, मंग बोलू आपण.”

“ठेवली. बोल.”

मनकर्णाबाईनं गोफण ठेवली नव्हती. तिच्यातला दगड तेवढा काढून दुसऱ्या हातात घेतला होता. समोर धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, नातसून वर्षाली उभी होती. गळ्यात दुर्बीण, पायांत नवऱ्याचे बूट. तिच्या मागं निंभारीचा तलाव उतरत्या उन्हात चकाकत होता. दिवाळी झाली की तलावाचं पाणी मागं सरकतं आणि गाळ उघडा पडतो. त्या गाळात गावातल्या घरांचे पट्टे असतात आणि सगळे जण त्यात हरबरा टाकतात. त्याला ना खत लागत ना ओलीत. मनकर्णाबाईचा पट्टा पाण्याला अगदी चिकटून. त्यामुळं सगळ्यांत हिरवा हरबरा तिचा, आणि पाखरं पहिली उतरायची तीही तिच्याच वावरात.

“उद्या सकाई अमरावतीहून माणसं येऊन राहिले,” वर्षाली म्हणाली. “मोईजभाऊ आणतात त्यायले. ते मोठे बदकं पाहाले. पट्टकदंब.”

“काय कदंब?”

“पट्टकदंब. डोक्यावर दोन काळे पट्टे असतात पाहा. हिमालयाच्या वरून उडत येतात आजी ते.”

“अन् कशाले येतात? माहा हरबरा खायाले. एवढा हिमालय वलांडला, तं म्हनाव थोडं अजून पुढं जा. तेल्हाऱ्याले जा. तिथंबी हरबरा हाये.”

वर्षाली हसली नाही. एरवी हसायची. अकोल्याची पोरगी, दोन वर्षांत आजीच्या तोंडाची सवय झाली होती तिला. आज मात्र ती अंगठ्यानं दुर्बिणीचा पट्टा चोळत उभी होती.

“एक सकाळ फक्त,” ती म्हणाली. “उद्या उजाडल्यापासून ते लोकं जाईपर्यंत. गोफण नाई, हाका नाई, डबा वाजवनं नाई. पाण्याजवळच्या तुकड्यात पाय ठेवनं नाई. एवढं कबूल करा मले.”

“बरं.”

“बरं म्हंजे?”

“बरं म्हंजे बरं. आता काय स्टॅम्पपेपरवर लिहून देऊ?”

मनकर्णाबाई इतक्या सहज कबूल झाली याचं वर्षालीला नवल वाटलं असावं. पण त्याला कारण होतं, आणि ते तिनं कोणाला सांगितलं नव्हतं.

दोन दिवसांपूर्वी ती अंगणात तुरीच्या शेंगा निवडत बसली होती. भिंतीपलीकडं चुलीपाशी सागर आणि वर्षाली बोलत होते. सागर तिच्या धाकट्या लेकाचा मुलगा. आईबाप लवकर गेले, आजीच्याच हातचं खाऊन वाढला. त्याचा दोस्त श्रावण चाकणला कंपनीत आहे. त्यानं सागरसाठी तिथं जागा पाहून ठेवली होती आणि संक्रांत झाली की हो किंवा नाही सांग, असा निरोप दिला होता. वर्षाली म्हणत होती, “एक हिवाळा पाहू ना. लोकं पाखरं पाहाले येतीन, चहा-नाश्ता आपल्या घरचा, राहाले काकाजीच्या खोल्या. हे पहिले लोकं खूश होऊन गेले, तं दुसऱ्यायले सांगतीन. नाई जमलं तं मीच बॅगा भरते. मंग तू म्हनशीन तिथं.”

मनकर्णाबाईच्या हातातली शेंग हातातच राहिली होती.

काकाजी म्हणजे सूर्यभान, तिचा थोरला. तो बायकापोरांना घेऊन पुण्याला गेला, तेव्हापासून त्याच्या खोल्यांना कुलपं होती. तो निघाला त्या सकाळी मनकर्णाबाई दारात उभी होती. ‘थांब’ एवढंच म्हणायचं होतं. ती म्हणाली, “जा. तुमच्यावाचून माही चूल इझत नाई.” चूल विझली नाही, हे खरं. पण भाजीचा मोठा गंज, सगळ्यांना पुरणारं ते पातेलं, फळीवर चढला, तो चढलाच. शाळा तिची दुसरीपर्यंत. पण बोलण्यात तिनं भल्याभल्या तलाठ्यांना आणि सरपंचांना पाणी पाजलं होतं. एवढ्या सगळ्या बोलण्यात ‘राहा’, ‘या’, ‘थांबा’ असले शब्द तेवढे तिच्या जिभेला कधी वळले नाहीत. मागणाऱ्याचा हात खाली असतो, असं तिचं मत.

म्हणून ती “बरं” म्हणाली. आणि दिलेला शब्द ती पाळणारी होती, अक्षरन् अक्षर.

त्या संध्याकाळी वारा पडला. आभाळ धुतल्यासारखं स्वच्छ झालं आणि थंडी जमिनीतून वर यायला लागली. मनकर्णाबाईनं अंगणात उभं राहून नाकानं हवा ओढली. आज आंब धरणार होती.

हरबऱ्याच्या पाल्याला आंबट खार सुटतो. थंडीच्या रात्री त्यावर दव पडलं की ते दवही आंबट होतं. सांजेला झाडावर धुतलेलं पांढरं कापड अंथरायचं, पहाटे ते ओलंगच्च झालं की काचेच्या बरणीत पिळायचं. हीच आंब. पोट धरलेल्याला चमचाभर दिली की तो उठून बसतो. निंभारीत आंब खूप जणी धरायच्या. पण नाव मनकर्णाबाईच्या आंबेचं. रिद्धपूरचे एक महंत दरवर्षी माणूस पाठवून बाटली नेत.

उद्याच्या माणसांना वर्षाली काय देणार होती? पोहे आणि चहा. पोहे बसस्टँडवरही मिळतात. अमरावतीहून माणसं निंभारीला येणार, मनकर्णाबाईच्या घरचं खाणार, आणि जाताना हातात काय, तर काही नाही? तसं तिच्या दारातून आजवर कोणी गेलं नव्हतं. प्रत्येकाला एकेक बाटली द्यायची. मग बसा म्हणावं अमरावतीत सांगत, निंभारीला काय मिळतं ते.

नवऱ्याची जुनी धोतरं तिनं ट्रंकेतून काढली. सागर आणि वर्षाली मागच्या दारी, पहाटे तलावावर नेऊन त्यामागं लपायला, तुराट्यांचा आडोसा बांधत होते. ती पुढच्या दारानं निघाली आणि पाण्याजवळच्या तुकड्यात, जिथं दव सगळ्यांत जड पडतं तिथं, तिनं एकेक धोतर पसरलं. कडेला ढेकळं ठेवली. मनात पाखरांचा विचार आलाच नाही, असं नाही. आला. पण पाखरू भितं ते दगडाला, आवाजाला, माणसाच्या हाताला. धोतराला ना तोंड ना हात. त्याला कोण भिणार? शिवाय कबूल केलं होतं ते उद्या उजाडल्यापासूनचं. अजून तर सांज होती.

घरी येऊन ती निवांत जेवली.

पाहुणे आले तेव्हा तलावावर धुकं होतं. मोईज पुढं होता. अमरावतीला त्याचं चष्म्याचं दुकान आहे, आणि रविवारी दुकान भावावर टाकून तो पाखरांमागं फिरतो. त्याच्याबरोबर तिघं-चौघं होते. त्यांतल्या रागिणी मॅडम बँकेत होत्या. त्यांचा कॅमेरा एवढा मोठा की तो उचलायला वेगळा माणूस लागावा. आणि सगळ्यांच्या मागून शालीत गुंडाळलेली मोईजची आई अकीला.

“डॉक्टरनं सांगितलं ताजी हवा खा,” ती मनकर्णाबाईला म्हणाली. “म्हटलं चला, पोरगा खाते तं आपनबी खाऊ.”

“खा. हवा फुकट हाये आमच्याकडं.”

सगळे आडोशामागं बसले. वर्षाली सगळ्यांत पुढं. हळू आवाजात ती सांगत होती, पाखरं कुठून येतील, कुठं उतरतील, उतरल्यावर कोणी हलायचं नाही.   सागर तिच्या पाठीशी उकिडवा बसला होता. मनकर्णाबाई चहाची किटली घेऊन मागं टेकली. बोलायचं नव्हतं म्हणून तिनं तोंडात सुपारी धरली होती.

आधी आवाज आला. धुक्याच्या वर कुठंतरी, घसा बसल्यासारखा, एकाचा, मग दुसऱ्याचा. मग धुकं फोडून ती आली. एकामागं एक, माळ तुटावी तशी खाली सांडत. पंख ताठ, पिवळे पाय पुढं काढलेले. डोक्यावरचे काळे पट्टे दिसायला लागले. रागिणी मॅडमच्या कॅमेऱ्याची कळ दाबली गेली.

पुढचं पाखरू हरबऱ्यापासून हातभर वर असेल. तिथंच त्यानं मान उचलली, पंख फडफडवले आणि ते वर गेलं. त्याच्यामागं सगळेच. तलावावरून त्यांनी एक फेरी मारली, पुन्हा पट्ट्याकडं आले, पुन्हा वर गेले. मग आवाज लांब होत होत पलीकडच्या काठाकडं गेला आणि धुक्यात विरला.

वर्षालीनं दुर्बीण डोळ्यांवरून काढली नाही. पाहायला काही उरलं नव्हतं तरी.

उजेड वाढला तसा हरबरा दिसायला लागला, आणि हरबऱ्यावर पसरलेली पांढरी धोतरं. वर्षालीनं ती पाहिली. मग मागं वळून आजीकडं पाहिलं. मनकर्णाबाई तयार झाली. जिभेवर उत्तरं होती, एकाला चार. ‘मी गोफण मारली का? हाक मारली का? माह्या वावरात माहे धोतरं, तुले काय?’ आता ही भांडेल, आणि भांडणात तर आपण कोणाला हार गेलो नाही.

“तुम्ही तर म्हणाला होतात रोज उतरतात,” रागिणी मॅडम म्हणाल्या. वाईट बोलायचं म्हणून नव्हे, पण बोलल्या.

वर्षालीनं नजर खाली घेतली.

“उतरतात मॅडम. आज माझं चुकलं. आडोसा मीच फार जवळ घेतला.”

मनकर्णाबाईच्या तोंडातली सुपारी थांबली.

भांडणाऱ्याला उत्तर असतं. झाकणाऱ्याला काय उत्तर द्यायचं, हे तिला कोणी शिकवलं नव्हतं. इतक्या वर्षांत तिच्या चुकीवर पांघरूण घालायची कोणाची हिंमतच झाली नव्हती. आणि ही पोरगी, जिचं सगळं आजच्या सकाळीवर टांगलेलं, ती मान खाली घालून आजीची चूक आपल्या पदरात घेत होती.

ती गुडघ्यांवर हात टेकून उठली.

“आडोसा बरोबर हाये,” ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. “धोतरं माहे हायेत. तिनं काई नाई केलं. मले वाटलं, पाखरू दगडाले भेते. धोतराले भेते, हे मालूम नोतं.”

 ती हरबऱ्यात उतरली आणि एक धोतर उचललं. ते पाण्यानं इतकं जड झालं होतं की तिच्या एकटीच्यानं पिळवेना. सागर उठणार, तेवढ्यात अकीला शाल सावरत धुरा उतरून आली.

“बाई, ही आंब हाय का?”

“दुसरं काय असनार?”

“तेल्हाऱ्याले माही माय धरे. वढणीवर धरे.” अकीलानं धोतराचं दुसरं टोक हातात घेतलं. “लगन झाल्यापासून पाह्यली नाई मी.”

“अम्मी, हात दुखतील तुमचे,” मोईज वरून म्हणाला.

“तू चूप बस. परिंदे देख.”

दोघींनी दोन टोकं धरून उलटसुलट पीळ दिला. बरणीत धार पडली. अकीलानं ओंजळीत घेऊन चाखली. आंबटानं तिचा चेहरा इतका आक्रसला की डोळ्यांतून पाणी आलं, आणि मग ते पाणी लवकर थांबलं नाही.  मनकर्णाबाईनं दुसरं धोतर तिच्याकडं सरकवलं.

मग पाहुणे धुऱ्याधुऱ्यानं फिरले. वर्षालीनं त्यांना पाण्याकाठी शेपूट हलवत फिरणारे धोबी दाखवले, तारेवर बसलेला नीलकंठ दाखवला, लांब तलावात तपकिरी चक्रवाकांची एक जोडी दाखवली. पण ती सकाळ आता खाली पडलेल्या पोळीसारखी झाली होती. उचलून झटकली तरी सगळ्यांना ठाऊक असतं. पोहे झाले, चहा झाला, एकेकाच्या हातात आंबेची बाटली गेली. मोईज गाडीत बसताना म्हणाला, “बघू वर्षालीताई. फोन करतो मी.”

‘बघू’ हा शब्द मनकर्णाबाईला चांगला ओळखीचा होता. पोळ्याला येता का, असं सागरनं विचारलं की सूर्यभान फोनवर हेच म्हणायचा.

सागरनं अंगणातल्या बशा गोळा करायला घेतल्या होत्या. वर्षाली आत गेली होती. गाडी सुरू झाली. मनकर्णाबाई पुढं झाली आणि तिनं गाडीच्या खिडकीवर हात ठेवला.

“पुढच्या रविवारी या.”

मोईजला वाटलं, ती रीत म्हणून बोलतेय. “हो आजी, येऊ कधीतरी.”

“कधीतरी नाई. रविवारी. मी या म्हनून राहिली.”

सागरच्या हातातली बशी तशीच राहिली. आजीला कोणाला ‘या’ म्हणताना त्यानं आजवर ऐकलं नव्हतं. खुद्द काकाजींनाही नाही.

“पण पाखरं उतरतील का?” रागिणी मॅडमनी विचारलं.

“ते मी कसं सांगू? ते माहं खातात, पन माहं ऐकत नाईत. घरच्यायसारखेच हायेत. धोतर नसीन अन् माहं तोंड नसीन, एवढं सांगते.”

अकीला मागच्या सीटवरून हसली. “मोईज, रविवारी मले आनजो. दुसरं कोनी येवो न येवो.”

तो आठवडा मनकर्णाबाईला फार जड गेला. सांज झाली की अंगणात बसल्या बसल्या तलावाकडून तो बसक्या घशाचा आवाज यायचा, आणि प्रत्येक आवाजाला तिला हरबऱ्याचं एक झाड उपटल्यासारखं वाटायचं. गोफण खुंटीवर होती. ती उठायची, पाणी प्यायची, परत बसायची. आंब मागायला बाया आल्या, त्यांना सांगितलं, औंदा पाण्याजवळची आंब बंद. शेजारच्या पट्ट्यावाला नत्थुजी रस्त्यात भेटला.

“काय वं काकू, तुह्या वावरात पाखरायचं लगन लागून राहिलं. गोफण म्हातारी झाली का?”

“गोफण तशीच हाये. मांडव माहा, जेवन माहं, तुले काहून आहेराची चिंता?”

वर्षालीशी मात्र ती त्या सकाळीबद्दल एक शब्द बोलली नाही. वर्षालीही नाही. फक्त एक दिवस भाकरी करताना मनकर्णाबाईनं तव्यावरची पहिली, फुगलेली भाकर आपल्या ताटात न घेता तिच्या ताटात टाकली. पहिली भाकर घरात नेहमी तिची असायची. वर्षालीनं ती मुकाट्यानं खाल्ली.

मोईजचा फोन शनिवारी आला.

रविवारी गाडी आली. रागिणी मॅडम नव्हत्या. त्यांच्या जागी मोईजच्या दुकानाशेजारचं एक नवं जोडपं होतं. अकीला होती, जाडजूड स्वेटर घालून. मनकर्णाबाईनं चहा दिला आणि ती घरातच बसली. माझं तोंड नसेल, असं तिनं सांगितलं होतं. तोंड घरी ठेवून नुसतं अंग तलावावर न्यायची विद्या तिच्याकडं नव्हती.

वर्षाली अर्ध्या वाटेवरून परत आली.

“चला.”

“मी काहून? माहं काय काम हाये तिथं?”

“काम काई नाई. पाहाले चला. वावर तुमचं, हरबरा तुमचा, अन् तुमीच पाह्यलं नाई कधी.”

“आयुष्य गेलं माहं ते बदकं पाहन्यात.”

“उडताना पाह्यले तुमी. उतरताना नाई.”

  मनकर्णाबाईनं कपाळावर पदर ओढला आणि ती निघाली.

आडोशामागं ओल्या गाळाचा वास होता. एका बाजूला अकीला, दुसऱ्या बाजूला वर्षाली, पलीकडं सागर. धुकं आज विरळ होतं. आवाज आला. मग ती आली, तशीच सांडत, तसेच पाय पुढं काढून. पुढचं पाखरू हातभर वर आलं.  पाखरानं पंख आखडले आणि ते हरबऱ्यात टेकलं. मागोमाग सगळी. धप धप असा आवाज होत होता, जणू कोणी ओले कपडे टाकतंय. मग माना खाली गेल्या.

किती सावकाश खायची ती. मनकर्णाबाईला वाटायचं, चोरासारखी ओरबाडत असतील. पण एक खायचं तर दुसरं मान वर करून उभं राहायचं. मग ते खायचं आणि पहिलं उभं राहायचं. रात्रपाळीच्या राखणदारांनी पाळी बदलावी तसं. मान वर केली की डोक्यावरचे काळे पट्टे स्वच्छ दिसायचे. बर्फावरून आलेली ही पाखरं तिच्या हातच्या हरबऱ्यात घरच्यासारखी फिरत होती. एकाच्या चोचीत घाट्यांनी भरलेली डहाळी लटकत होती. तिनं ती पाहिली. ती कोणत्या ओळीतली, हेही तिला दिसलं.

तिला खोकला आला. थंडीचा, छातीतून उसळणारा. तिनं पदराचा बोळा तोंडात कोंबला आणि दात दाबून धरले. डोळे पाण्यानं भरले. अकीलानं न पाहता तिच्या पाठीवर हात ठेवला आणि दाबून धरला. एक पाखरू या दिशेला मान करून उभं राहिलं. बराच वेळ. मग त्यानंही मान खाली घातली.

“आजी,” वर्षाली तिच्या कानाशी लागून कुजबुजली, “पुढच्या साली आपला हरबरा थोडा मागं सरकून पेरू. पाण्याजवळचा तुकडा त्यायच्याचसाठी टाकू. सागरबी तेच म्हनून राहिला.”

सागर पलीकडं पोटावर पडला होता. त्यानं इकडं पाहिलं नाही, पण त्याची मान हलली.

मनकर्णाबाईनं तोंडातला पदर काढला. ओठ पुसले. समोर हरबरा कमी होत होता.

“बोलू नको,” ती म्हणाली. “उडतीन.”